रुग्णाचा नकार आणि निसर्गोपचारकाचे दायित्व

कर्करोगाचे निदान झालेला रुग्ण शस्त्रक्रिया, केमोथेरपी किंवा रेडिएशन नाकारून निसर्गोपचारकाकडे येतो, तेव्हा पुढे जे घडते त्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न कायद्याचा आहे तितकाच नीतीचा आहे. रुग्ण सज्ञान असतो, निर्णय त्याचा स्वतःचा असतो. निसर्गोपचारकाने त्याला चाकू लावलेला नसतो की चुकीचे इंजेक्शन दिलेले नसते. दिलेले असते ते कटिस्नान, मातीची पट्टी, एनिमा, लंघन आणि गव्हांकुराचा रस. वर्षभराने गाठ हाताबाहेर गेली आणि नातेवाईक जाब विचारायला आले की ‘आम्ही कुठे नको म्हणालो होतो, त्यांनीच नाकारले’ हे उत्तर तयार असते. ते पुष्कळदा खरेही असते. ते पुरेसे आहे का, हे तपासायला हवे.

येणारे सगळे रुग्ण एकाच स्थितीत नसतात. काहींना रुग्णालयानेच ‘आता घरी न्या’ असे सांगितलेले असते. काहींचा नकार आधीच पक्का झालेला असतो; आईचे किंवा भावाचे केमोतले हाल त्यांनी पाहिलेले असतात आणि तो रस्ता त्यांना नको असतो. सर्वांत नाजूक गट अधांतरी असलेल्यांचा. फाइल पिशवीत असते, ऑपरेशनची तारीख मिळालेली असते आणि मनात भीती असते, कारण सुई टोचली की कॅन्सर पसरतो, गाठीला चाकू लागला की माणूस जातो, असे कोणीतरी कानात भरवलेले असते. अशा रुग्णाने अजून काहीच नाकारलेले नसते. तो विचारायला आलेला असतो, आणि त्याचा नकार आकार घेतो तो त्या खोलीत, त्या तासाभराच्या बोलण्यात. तिथे निसर्गोपचारक काय बोलला, काय बोलला नाही, यावर सगळे अवलंबून असते.

नाकारण्याचा अधिकार आधी मान्य करावा लागतो. जॉन स्टुअर्ट मिलने १८५९ मध्ये मांडलेल्या विचाराप्रमाणे माणसाच्या स्वतःच्या शरीरावर आणि मनावर त्याचीच सत्ता असते. त्याचे भले होईल एवढ्या कारणासाठी त्याच्यावर बळजबरी करता येत नाही. भारतात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च २०१८ मध्ये ‘कॉमन कॉज’ प्रकरणात सज्ञान आणि विचारक्षम व्यक्तीचा उपचार नाकारण्याचा अधिकार घटनेच्या अनुच्छेद २१ मध्ये अंतर्भूत असल्याचे मान्य केले. भारतीय धर्मपरंपरेला तर हा विचार मुळीच परका नाही. जैनांची सल्लेखना आहे, आणि १९८२ च्या नोव्हेंबरात पवनारला विनोबांनी अन्न आणि औषध दोन्ही थांबवून देह ठेवला. त्यांना औषध घ्यायला लावायचे कसे, या विवंचनेत देशातले मोठमोठे लोक होते. निर्णय मात्र विनोबांचाच राहिला.

विनोबांचा नकार आणि स्तनात गाठ असलेल्या पंचेचाळीस वर्षांच्या बाईचा नकार यांत मोठा फरक आहे, आणि तो झाकला जातो. विनोबांना मरण येणार हे ठाऊक होते आणि ते त्यांना मान्य होते. त्या बाईला जगायचे असते. ती मरण पत्करत नाही, जगण्याचा दुसरा मार्ग सापडला असे तिला वाटत असते. तिचा नकार मूल्यावर उभा नसून माहितीवर उभा असतो, आणि माहिती खोटी निघाली तर नकारही पोकळ ठरतो. भारतीय न्याय संहितेचे कलम २८ सांगते की भीतीपोटी किंवा वस्तुस्थितीच्या गैरसमजातून दिलेली संमती ही संमतीच नव्हे, जर कृती करणाऱ्याला तो गैरसमज ठाऊक असेल किंवा ठाऊक असायला हवा असेल. कलम संमतीविषयी आहे, पण त्यामागचा विचार नकारालाही तसाच लागू पडतो. समोरचा माणूस गैरसमजातून ‘नको’ म्हणतो आहे हे दिसत असताना गप्प राहून त्या ‘नको’चा आधार घेणे, याला स्वातंत्र्याचा आदर म्हणता येत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २००८ च्या ‘समीरा कोहली’ निकालात रुग्णाला काय काय सांगायला हवे हे स्पष्ट केले: उपचाराचे स्वरूप आणि हेतू, त्याला असलेले पर्याय, त्यातले ठळक धोके आणि उपचार नाकारल्यास होणारे दुष्परिणाम. शेवटचा मुद्दा इथे सर्वांत महत्त्वाचा. नाकारण्याचे परिणाम समजावून सांगणे हे ऑपरेशन करणाऱ्या सर्जनचे काम आहेच. पण ज्याच्या दाराशी नकार येऊन पोचतो, ज्याच्यावर रुग्णाचा त्या क्षणी सर्वाधिक विश्वास असतो, त्याची सुटका कशी होईल?

या परिणामांविषयी आज अंदाजाने बोलण्याची गरज नाही. अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात स्तन, प्रोस्टेट, फुप्फुस आणि मोठे आतडे यांच्या, शरीरभर न पसरलेल्या कर्करोगाचे २८१ रुग्ण घेतले होते. या सर्वांनी केवळ पर्यायी उपचार निवडले होते. त्यांची तुलना प्रचलित उपचार घेतलेल्या ५६० रुग्णांशी केली. पर्यायी उपचारवाल्यांत मृत्यूचा धोका एकूण अडीच पट निघाला. स्तनाच्या कर्करोगात साडेपाच पटींहून अधिक, आतड्याच्या कर्करोगात साडेचार पट, फुप्फुसाच्या कर्करोगात दुपटीहून थोडा जास्त. प्रोस्टेटमध्ये ठळक फरक दिसला नाही, कारण तो आजार बहुधा सावकाश चालतो. हे रुग्ण अडाणी किंवा गरीब नव्हते. शिक्षण आणि उत्पन्न यांत ते तुलनेने वरच्या थरातले होते. ज्या कर्करोगात वेळेवर केलेल्या शस्त्रक्रियेने बरे होण्याची शक्यता सर्वांत जास्त, तिथेच नकाराची किंमत सर्वांत मोठी, ही या आकड्यांतली खरी दुःखाची गोष्ट आहे.

निसर्गोपचाराच्या सिद्धांतात हा धोका कुठून येतो, तेही पाहायला हवे. या पद्धतीची आधुनिक मांडणी जर्मनीतली. लुई कूने याचा दावा असा की सर्व रोग मुळात एकच. शरीरात साठलेले विजातीय द्रव्य हे त्याचे कारण आणि ते बाहेर काढणे हा त्यावरचा उपाय. हे एकदा मान्य केले की निदानाला फारसे महत्त्व उरत नाही. सर्दी आणि सार्कोमा यांच्यात तत्त्वतः भेद राहत नाही, आणि बायोप्सीचा अहवाल हा एक अनावश्यक कागद ठरतो. त्याला जोडून येते ती ‘उपचारातल्या उद्रेकाची’ कल्पना: त्रास वाढला तर समजावे की आजार बाहेर पडतो आहे. सर्दीपडशात अशा समजुतीने फार बिघडत नाही. कर्करोगात मात्र वाढणारी गाठ, उतरणारे वजन, वाढणारी वेदना हे सगळेच प्रगतीचे पुरावे म्हणून वाचले जातात. जी कल्पना कोणत्याही परिणामाने खोटी पडू शकत नाही ती ज्ञानाच्या कसोटीला उतरत नाही, आणि त्या कल्पनेच्या भरवशावर दुसऱ्याचा वेळ खर्च करणे ही नैतिक जोखीम आहे.

भारतात निसर्गोपचाराला नैतिक वजन मिळाले ते गांधीजींमुळे. पुण्यात डॉ. दिनशा मेहतांच्या केंद्रात ते राहत. १९४६ मध्ये त्यांच्या प्रेरणेने उरुळी कांचनचा आश्रम उभा राहिला आणि मणिभाई देसाईंनी तो वाढवला. ‘हिंद स्वराज्य’मध्ये १९०९ साली त्यांनी डॉक्टरी धंद्यावर केलेली टीका प्रसिद्ध आहे. त्यामुळे ‘बापूंनी तर डॉक्टरच नाकारले’ असे सहज बोलले जाते. प्रत्यक्ष चरित्र वेगळे सांगते. जानेवारी १९२४ मध्ये येरवड्याच्या तुरुंगात असताना त्यांना अपेंडिक्सचा त्रास झाला. पुण्याच्या ससून रुग्णालयात रात्री कर्नल मॅडॉक यांनी शस्त्रक्रिया केली. मध्येच वीज गेली आणि काम कंदिलाच्या उजेडात पुरे करावे लागले. त्याआधी नेमस्त नेते श्रीनिवास शास्त्रींनी लिहून घेतलेल्या निवेदनावर गांधीजींनी सही केली, त्यात शस्त्रक्रियेला संमती होती आणि उपचार करणाऱ्यांवर विश्वास व्यक्त केला होता. तेच गांधीजी पुढे बावीस वर्षांनी निसर्गोपचाराचा आश्रम सुरू करतात. दोन्हींचा मेळ बसतो. जिथे चाकूच लागतो तिथे त्यांनी चाकू स्वीकारला.

याहूनही उपयोगी प्रसंग त्यांच्या आत्मकथेत आहे. १९०२ च्या सुमारास मुंबईत मुलगा मणिलाल विषमज्वर आणि न्यूमोनिया यांनी आजारी पडला. पारशी डॉक्टरांनी अंडी आणि कोंबडीचा रस्सा द्यायला सांगितला. गांधीजींनी तो धर्माच्या कारणाने नाकारला आणि कूनेच्या पद्धतीने जलोपचार सुरू केले. पण त्यांनी डॉक्टरांना दाराबाहेर काढले नाही. नाडी, छाती तपासायला त्यांनी येत राहावे आणि प्रकृती कशी आहे ते सांगत राहावे, अशी विनंती केली. ताप उतरेना तेव्हा त्यांना रात्रभर एकच प्रश्न छळत होता: आपल्या मतांचे ओझे मुलावर लादण्याचा बापाला काय अधिकार? मुलगा बरा झाला. त्याचे श्रेय देवाच्या कृपेला द्यायचे, पाण्याला द्यायचे की पथ्यपाण्याला आणि शुश्रूषेला, हे कोणी सांगावे, अशी कबुलीही त्यांनी नोंदवून ठेवली. नकार, समांतर तपासणी, स्वतःच्या अधिकाराविषयी शंका आणि एका यशावरून सिद्धांत न काढण्याचा प्रामाणिकपणा, या चारही गोष्टी तिथे एकत्र आहेत. गांधीजींचे नाव घेऊन रुग्णाचे स्कॅन थांबवणाऱ्यांनी हा प्रसंग पुन्हा वाचावा.

दायित्व मोजायचे कशाने, यासाठी निसर्गोपचारकाला बाहेरचे माप शोधण्याची गरज नाही. भारतात योग आणि निसर्गोपचार एकाच अभ्यासक्रमात शिकवले जातात, आणि पतंजलीचे योगसूत्र त्या परंपरेचा आधारग्रंथ. त्यात हिंसेचे तीन प्रकार मानले आहेत: स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करवलेली आणि अनुमोदन दिलेली. तिच्या मुळाशी लोभ, क्रोध किंवा मोह असतो, आणि ती सौम्य, मध्यम वा तीव्र असते. जैन आचारशास्त्रही करणे, करवणे आणि अनुमोदणे यांना एकाच पंक्तीत बसवते. ही चौकट कर्करोगाच्या प्रश्नाला चपखल बसते. शिवाय ती लोभाच्या जोडीला मोहही धरते. निसर्गोपचारक पैशासाठी फसवणारा असायलाच हवा असे नाही. मनापासून श्रद्धा असलेला, फी न घेणारा माणूसही मोहातून हिंसा घडवू शकतो. आधुनिक कायदाही हेतू शुद्ध होता एवढ्यावर निष्काळजीपणा माफ करत नाही.

स्वतः केलेली हानी ओळखायला सोपी. वजन उतरत चाललेल्या कर्करोग्याला दहा दिवसांचे लंघन देणे, केमो चालू असताना रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटलेल्या रुग्णाला न शिजवलेले अन्न आणि वारंवार एनिमा देणे, फुटलेल्या गाठीवर माती बांधणे, यांत नकाराचा प्रश्नच येत नाही. इथे उपचारच घातक ठरतो.

करवलेल्या हानीचे सर्वांत भेदक उदाहरण कॅलिफोर्नियातले आहे. आठ वर्षांच्या एका मुलीच्या डोळ्यात झपाट्याने वाढणारा कर्करोग होता. विद्यापीठाच्या रुग्णालयातल्या डॉक्टरांनी डोळा ताबडतोब काढायला सांगितला. आईवडील तयार होते. फिलिप्स नावाच्या कायरोप्रॅक्टरने, म्हणजे मणक्याची हाताळणी करून उपचार करणाऱ्याने, त्यांना सांगितले की शस्त्रक्रियेशिवाय, शरीराची प्रतिकारशक्ती वाढवून आपण तिला बरे करू. औषधांचा खर्च सोडून पाचशे डॉलर आगाऊ घेतले. मुलीला रुग्णालयातून काढून नेले गेले, आणि सुमारे सहा महिन्यांत, १९६१ च्या अखेरीस ती गेली. फिलिप्सवर खुनाचा खटला चालला. १९६६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ज्युरीला दिलेल्या एका कायदेशीर सूचनेतल्या चुकीमुळे शिक्षा रद्द केली, पण फेरखटल्यातही तो दोषी ठरला. आईवडिलांनी ‘स्वेच्छेने’ निर्णय घेतला होता, हा बचाव टिकला नाही. त्यांची इच्छा त्यानेच घडवली होती.

सज्ञान रुग्णाच्या बाबतीत चित्र बदलते. न्यूयॉर्कच्या डॉ. इमॅन्युएल रेव्हिसी यांच्यावरचा खटला त्या दृष्टीने बोलका आहे. रेव्हिसी निसर्गोपचारक नव्हते, पदवीधर डॉक्टर होते, पण त्यांची पद्धत सर्वमान्य वैद्यकाबाहेरची होती. १९८१ मध्ये एका स्त्रीच्या स्तनात गाठ सापडली. एकाहून अधिक डॉक्टरांनी बायोप्सी सुचवली, तिने नाकारली आणि ती रेव्हिसींकडे गेली. तिथे तिने सविस्तर संमतीपत्रावर सही केली. सेलेनियम आणि आहारनियमन यांवर उपचार चालले. गाठ वाढत गेली. १९८३ मध्ये तिचे दोन्ही स्तन काढावे लागले आणि पुढे सोळा महिने केमो घ्यावी लागली. ज्युरीने दहा लाख डॉलरची भरपाई ठरवली आणि रुग्णाचाही निम्मा दोष धरून ती अर्ध्यावर आणली. १९८७ मध्ये अपील न्यायालयाने त्याही पुढे जाऊन सांगितले की रुग्णाने धोका समजून, स्पष्टपणे पत्करला होता का, हा प्रश्न ज्युरीपुढे ठेवायला हवा होता. तसे सिद्ध झाले तर दावाच उरत नाही. दहा वर्षांनी त्याच राज्यात डॉ. निकोलस गोन्झालेझ यांच्या खटल्यात गर्भाशयाच्या कर्करोगाच्या रुग्णाबाबत ज्युरीने ५१ टक्के दोष डॉक्टरचा आणि ४९ टक्के रुग्णाचा धरला.

५१ आणि ४९ अशी वाटणी न्यायालयाला करावी लागते, कारण भरपाईचा आकडा कुठेतरी थांबवायचा असतो. नीतिशास्त्रात जबाबदारी अशी वाटून कमी होत नाही. रुग्णाचा वाटा निम्मा ठरला म्हणून निसर्गोपचारकाने जे सांगायचे ते न सांगितल्याचा दोष निम्मा होत नाही. दोघेही आपापल्या कृतीला पूर्णपणे उत्तरदायी राहतात. सहीच्या कागदाचेही तसेच. रुग्णाला खरोखर कळले होते याचा तो पुरावा असू शकतो. निष्काळजीपणाचा तो परवाना होत नाही, आणि छापील मजकुरावर घाईत घेतलेली सही तर पुरावा म्हणूनही लंगडी पडते.

अनुमोदन हा तिसरा प्रकार सर्वांत सामान्य आणि पकडायला सर्वांत अवघड. रुग्ण म्हणतो, ‘मला ऑपरेशन नकोच.’ निसर्गोपचारक ‘नका करू’ म्हणत नाही, ‘करा’ही म्हणत नाही; ‘बघू, तीन महिने करून पाहू’ म्हणतो. वाक्य निरुपद्रवी वाटते. दुसऱ्या टप्प्यातल्या आक्रमक गाठीला तीन महिने देणे हा मात्र निर्णयच असतो, आणि तो रुग्णाच्या वतीने निसर्गोपचारकाने घेतलेला असतो. या आजारात वेळ हेच औषध असते. ते संपते आहे हे ज्याला कळायला हवे होते त्याने तोंड उघडले नाही, तर त्याचे मौन उपचाराचाच भाग ठरते.

अशा वेळी निसर्गोपचारकाकडून किती ज्ञानाची अपेक्षा धरायची? ‘आमचे शास्त्र वेगळे, आम्हाला त्यांच्या मापाने मोजू नका’ हा युक्तिवाद जुना आहे. इंग्लंडमध्ये २००० साली ‘शकूर विरुद्ध सितू’ या खटल्यात त्याचा नीट विचार झाला. चिनी वनौषधी देणाऱ्या वैद्याच्या काढ्याने एक रुग्ण यकृत निकामी होऊन दगावला होता. न्यायालयाने म्हटले की अशा वैद्याला एमबीबीएस डॉक्टरच्या मापाने मोजता येणार नाही. पण ज्या समाजात आधुनिक वैद्यक उपलब्ध आहे तिथे आपण त्याच्या शेजारी बसून काम करतो आहोत याची जाणीव त्याने ठेवायला हवी, आणि आपल्या उपचाराच्या धोक्यांविषयी त्या वैद्यकाच्या नियतकालिकांत काही आले आहे का, याची खबर त्याला असायला हवी. त्या विशिष्ट प्रकरणात तो निर्दोष सुटला. तत्त्व मात्र राहिले. कर्करोगाला ते लावले तर निसर्गोपचारकाने गाठ कापायला शिकण्याची गरज नाही, पण कोणत्या गाठी कापल्याने बऱ्या होतात हे ठाऊक नसेल तर त्याने कर्करोग्याला तपासायला बसू नये.

कौटिल्याने हेच दोन हजार वर्षांपूर्वी दंडसंहितेत घातले होते. अर्थशास्त्रात प्राणघातक आजारावर आधी कळवल्याशिवाय उपचार सुरू करणाऱ्या वैद्याचा रुग्ण दगावला तर सर्वांत खालचा साहसदंड आहे, आणि उपचारातल्या चुकीने दगावला तर मधला. म्हणजे उपचार चुकला नसला तरी न सांगणे हा स्वतंत्र अपराध. चरकाने असाध्य रोग हाती घेणाऱ्या वैद्याच्या विद्येला आणि यशाला बट्टा लागतो असे म्हटले, आणि सगळेच दैवाधीन असते तर उपचारांना अर्थच उरला नसता, असेही ठासून सांगितले. ‘नशिबात असेल ते होईल’ असे रुग्ण म्हणाला तर ते त्याचे समाधान आहे. वैद्याने तसे म्हणून हात झटकू नयेत.

आजच्या भारतीय कायद्यात निसर्गोपचारकाची स्थिती त्याला वाटते त्यापेक्षा उघडी आहे. २०२० मध्ये भारतीय चिकित्सा पद्धतींसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला, त्यात आयुर्वेद, युनानी, सिद्ध आणि सोवा-रिग्पा आले. योग आणि निसर्गोपचार बाहेर राहिले. देशभर एकच नियामक, एकच नोंदवही नसल्यामुळे ‘मान्य पद्धती’ म्हणून दाखवायला हाती फारसे काही नसते. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याबद्दल भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये पाच वर्षांपर्यंत कैद आहे. नोंदणीकृत डॉक्टरला वैद्यकीय प्रक्रिया करताना झालेल्या मृत्यूबाबत ती दोन वर्षांपर्यंत खाली येते. पण ही सवलत राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याखाली मान्य पदवी आणि नोंदणी असलेल्यांनाच आहे. निसर्गोपचारक त्यात बसत नाही. गुन्हा ठरण्यासाठी ढोबळ निष्काळजीपणा लागतो, हे २००५ च्या ‘जेकब मॅथ्यू’ निकालाने सांगितले, आणि त्या प्रकरणात दगावलेला रुग्णही कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यातलाच होता. दिवाणी बाजूला ग्राहक कायदा आहे. फी घेऊन दिलेला उपचार ही सेवा ठरते, हे १९९५ पासून निश्चित आहे.

दुसऱ्या पद्धतीच्या हद्दीत शिरणे हा आणखी वेगळा धोका. मुंबईतल्या एका होमिओपॅथने ॲलोपॅथीची औषधे दिली आणि रुग्ण दगावला. ‘पूनम वर्मा’ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये, जी पद्धत येत नाही ती वापरणे हाच निष्काळजीपणा मानला. त्याच तर्काने, ‘ती टॅमॉक्सिफेनची गोळी बंद करा’ असे सांगणारा निसर्गोपचारकही दुसऱ्याच्या शास्त्रात ढवळाढवळ करत असतो. औषध सुरू करायला जितके ज्ञान लागते तितकेच ते थांबवायलाही लागते.

जाहिरातीचा कायदा याहून कडक आहे. १९५४ च्या औषधी व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या अनुसूचीत कर्करोगाचे नाव आहे; तो बरा करण्याचा दावा करणारी औषधाची जाहिरातच गुन्हा ठरते. नोव्हेंबर २०२४ मध्ये एका माजी क्रिकेटपटूने पत्नीचा कर्करोग हळद, कडुनिंब आणि आहाराने हटल्याचे सांगितले, तेव्हा टाटा मेमोरियलशी संबंधित २६२ कर्करोगतज्ज्ञांना लोकांनी उपचार थांबवू नयेत असे जाहीर आवाहन करावे लागले. त्या बाईंची शस्त्रक्रिया आणि केमो दोन्ही झाली होती. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात तर उपचारापासून रोखणे हाच गुन्हा म्हणून ओळखला गेला, पण तो कुत्रा, साप आणि विंचू चावल्यापुरता. साप-विंचवाचे विष काही तासांत मारू शकते म्हणून तिथे कारणसंबंध लगेच दिसतो. कर्करोगात तो दिसायला वर्ष-दोन वर्षे लागतात, आणि त्या कायद्याच्या यादीत कर्करोग आला नाही. नैतिक दृष्टीने मात्र दोन्ही कृती एकाच जातीच्या आहेत.

लहान मुलांच्या बाबतीत मतभेदाला जागा फार कमी. मुलाने काही नाकारलेले नसते. नाकारलेले असते ते पालकांनी. आणि रक्ताचा कर्करोग झालेली बहुसंख्य मुले आज चांगल्या केंद्रात केमोथेरपीने बरी होतात. अशा मुलाला केवळ निसर्गोपचारासाठी दाखल करून घेणे कोणत्याही संमतीपत्राने समर्थनीय ठरत नाही. पालकांना परत पाठवणे, आणि ते ऐकत नसतील तर बालकल्याण समितीला कळवणे, एवढेच हाती राहते.

सज्ञान रुग्णाचा नकार सगळे ऐकूनही कायम राहिला तर काय करावे, यावर निसर्गोपचारकांत दोन मते आढळतात. एक म्हणते, रुग्णाला घेऊच नये. घेतले की अनुमोदन दिल्यासारखे होते. दुसरे म्हणते, परत पाठवला तर तो कुठल्यातरी भोंदूकडे जाईल, त्यापेक्षा आपल्याजवळ बरा. दुसऱ्या मतात माणुसकी जास्त आहे आणि पळवाटाही जास्त आहेत. ते मत सचोटीने पाळायचे तर असहमती उघड बोलून दाखवावी लागते आणि ती एकदा बोलून भागत नाही. गाठ किती सेंटिमीटरची आहे ते लिहून ठेवायचे, कर्करोगतज्ज्ञाने काय सांगितले ते रुग्णाच्या भाषेत नोंदवायचे, पुढची सोनोग्राफी कोणत्या तारखेला हे आधीच ठरवायचे, आणि गाठ वाढली तर ‘उद्रेक’ न म्हणता ‘वाढली’ म्हणायचे. कर्करोगतज्ज्ञाशी संपर्क तुटू द्यायचा नाही. दर भेटीला दार अजून उघडे आहे हे सांगायचे, कारण नकार हा एकदाच घडून संपणारा प्रसंग नसतो. माणसे मन बदलतात, आणि ‘आता काय तोंड घेऊन जायचे डॉक्टरांकडे’ या लाजेपायी उशीर करतात. ही लाज घालवण्याचे काम निसर्गोपचारकाइतके चांगले दुसरे कोणी करू शकत नाही. असे वागणाऱ्याने रुग्णाला जवळ ठेवले तर त्याला अनुमोदन म्हणता येणार नाही, आणि न्यायालयापुढे उभे राहण्याची वेळ आलीच तर त्याची वही त्याच्या बाजूने बोलेल.

ज्यांना रुग्णालयानेच घरी पाठवले आहे त्यांच्या बाबतीत निसर्गोपचाराला खरीखुरी जागा आहे. पायांना तेल चोळणे, कोमट पाण्याने अंग पुसणे, बद्धकोष्ठावर सौम्य उपाय, श्वास शांत होईल असा सोपा प्राणायाम, बोलायला निवांत वेळ, हे सगळे मोठ्या रुग्णालयात दुर्मीळ झाले आहे आणि शेवटच्या आठवड्यांत ते अमोल असते. इथे बरे करण्याचे आश्वासन द्यायचे कारण नाही, त्यामुळे फसवणुकीचेही कारण उरत नाही. दायित्व मात्र इथेही संपत नाही, आणि ते मुख्यतः वेदनेबाबत असते. मॉर्फीन मिळणे भारतात दीर्घकाळ कठीण होते. २०१४ मध्ये अमली पदार्थांच्या कायद्यात दुरुस्ती झाल्यावर त्या वाटेतले अडथळे कमी झाले. हाडांत पसरलेल्या कर्करोगाच्या रुग्णाची ती गोळी ‘शरीरात विष साठवते’ म्हणून बंद करायला लावणे, किंवा खायची इच्छा असलेल्याला शुद्धीच्या नावाखाली उपाशी ठेवणे, ही स्वतः केलेली हिंसा होय, आणि रुग्णाने पूर्वी काय नाकारले होते याचा तिच्याशी काहीही संबंध नाही.